मृगाआधी परसाचा बेत

गोव्याच्या बाजारातली बरीचशी भाजी बेळगावहून जाते. त्याच मातीत घरचं परसही फुलतं. बेत मात्र मृगाआधी, ७-८ जूनच्या आत, घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवावा.

निपाणीकडच्या काळ्या मातीत पाणी साचतं, तिथं गादीवाफे हवेतच. बेळगावच्या तांबड्या मातीला शेणखत जास्त.

वेलांची फुलं मुलांकडे सोपवावीत, त्यांचा जीव रमतो. दोडका, दुधी संध्याकाळी उमलतात. काकडी, कारलं सकाळी. सुरुवातीला नुसती नरफुलं येतात, घाबरायचं कारण नाही. फुलामागं इवलंसं कोवळं फळ दिसलं की ती मादी. ताजं नरफूल तोडून तिच्या मधोमध हलकेच टेकवलं की फळ धरतं. एक दोडका आजीच्या बियाण्यासाठी वेलावरच वाळू द्यावा.

यंदा तुमच्याकडे काय लावताय?