पडद्यामागून पुढे आलेला राजा

राजा गोसावी म्हटलं की बहुतेकांना 'लाखाची गोष्ट' आठवते, शरद तळवलकरांबरोबरची जोडी आठवते आणि विषय तिथेच संपतो. एवढ्या मोठ्या नटाची आठवण एवढीच राहावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं. हा माणूस आपल्या सातारा जिल्ह्याचा. मलकापूर-कराडच्या कृष्णाकाठची ऊसपट्टी मागे टाकून वडूजच्या अंगाला निघालं की खटाव तालुक्यातलं सिद्धेश्वर कुरोली लागतं. २८ मार्च १९२५ चा त्यांचा जन्म तिथला. तो सगळा मुलूख दुष्काळी. नशीब काढायचं तर गाव सोडावंच लागे.

घर सोडून ते मास्टर विनायकांकडे गेले, ते घरगडी म्हणून. मग विनायकांच्या चित्रपट कंपनीत ऑफिसबॉय झाले, सुतारकाम केलं, मेकअपला आणि लाइटला हात लावला, गर्दीत एक्स्ट्रा म्हणून उभे राहिले. पुढे दामुअण्णा मालवणकरांच्या नाटक कंपनीत प्रॉम्प्टर. विंगेत उभं राहून सगळ्यांची वाक्यं सांभाळायची, कोण कुठे अडखळतो, कुठला हशा किती लांबतो आणि पुढचं वाक्य नेमकं कधी टाकायचं, हे रोज ऐकायचं. राजाभाऊंच्या टायमिंगचं पुढे फार कौतुक झालं. त्याची खरी तालीम या विंगेत झाली, असं माझं ठाम मत आहे. गडकऱ्यांच्या 'भावबंधन'मध्ये त्यांनी आधी रखवालदार केला आणि पुढे त्याच नाटकात कामण्णा रंगवला.

१९५२ साली राजा परांजप्यांचा 'लाखाची गोष्ट' आला. तो लिहिला गदिमांनी, म्हणजे सांगलीकडच्या माणदेशाच्या लेखकाने. खटाव आणि माणदेश, दोन्ही कोरडे मुलूख, आणि पडद्यावर मात्र लाख रुपये उधळायची गोष्ट! त्या वेळी राजाभाऊ पुण्याच्या 'भानुविलास' थिएटरात बुकिंग क्लार्क होते. चित्रपटाचा नायकच खिडकीत बसून तिकिटं फाडतोय, हे पुणेकरांनी पाहिलं. त्याच वर्षी 'पेडगावचे शहाणे' आला. पडद्यावर त्यांनी पुढेही पुष्कळ कामं केली, पण त्यांची खरी श्रीमंती रंगभूमीवर होती.

'एकच प्याला'तला तळीराम, अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'त अवधूत आणि गोकर्ण, 'सौजन्याची ऐशी तैशी'त नाना बेरके. 'संशयकल्लोळ'मध्ये तर त्यांनी फाल्गुनरावही केला आणि भादव्याही! मूळ मोलिएरचं हे नाटक इंग्रजीतून सांगलीजवळच्या हरिपूरच्या देवलांपर्यंत पोचलं आणि इथलंच होऊन गेलं. रस्त्यात चक्कर आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो, तिच्याजवळची तसबीर घरी येते आणि संशयाचा भडका उडतो. फाल्गुनराव करणाऱ्याने हसवायचा प्रयत्न केला की तो फसलाच. त्याची आग खरी दिसली पाहिजे. प्रेक्षक हसतो तो त्या खरेपणाला. भादव्याचं उलट. तो घरातला गडी, मालकाच्या संतापाच्या कडेकडेने वाट काढणारा. ज्याने स्वतः घरगड्याचं काम केलं होतं, त्याला हुकूम ऐकतानाची मान कशी असते हे कुणी शिकवायची गरज नव्हती.

'नटसम्राट'मधले गणपतराव बेलवलकरही त्यांनी केले. विनोदी नटाच्या डोळ्यांतलं पाणी आपला प्रेक्षक सहजी मान्य करत नाही. ज्याच्या नुसत्या येण्याने थिएटर हसायला लागतं, त्याने आधी ते हसू थांबवायचं आणि मग शोकांतिका उभी करायची, ही दुप्पट मेहनत आहे. म्हणून हे धाडस मला 'लाखाची गोष्ट'पेक्षा मोलाचं वाटतं.

२८ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात प्रयोगाआधी मेकअप करतानाच ते गेले. त्यांच्यावर लिहिताना लोक याच प्रसंगावर थांबतात. मला त्याआधीची चार-साडेचार दशकं महत्त्वाची वाटतात. सिनेमाचा नायक झाल्यावरही त्यांनी रखवालदाराची, गड्याची, दारुड्याची भूमिका कमी लेखली नाही, आणि नाटकाचा दौरा गावोगाव जात असे त्या काळात आपल्या भागातल्या प्रेक्षकाला गडकरी, देवल, अत्रे भेटले ते बऱ्याचदा राजाभाऊंच्याच तोंडून.