चोरीस गेलेल्या लॅपटॉपचा माग

सोन्याची पाटली चोरीस गेली, तर ती आपला ठावठिकाणा कळवूं शकत नाहीं. लॅपटॉप मात्र कळवूं शकतो. परंतु तशी मुभा मालकानें त्यास आधींच देऊन ठेविलेली असली पाहिजे. ही अट पुष्कळ घरांतून चोरीनंतरच समजते, हें दुर्दैव होय.

विंडोजमध्यें 'फाइंड माय डिव्हाइस' ही सोय मायक्रोसॉफ्टनें २०१५ सालीं आणिली. ती चालू असल्यास आपल्या खात्यांत जाऊन लॅपटॉपचें ठिकाण नकाशावर पाहतां येतें, व त्यास दुरून कुलूपहि घालतां येतें. यंत्र इंटरनेटला जोडलें गेलें पाहिजे, एवढेंच. ॲपलनें २०१९ सालीं याहून पुढची मजल मारिली. त्यांचा मॅकबुक इंटरनेटवांचून पडलेला असला तरी ब्लूटूथवरून साद देत राहतो. जवळून जाणाऱ्या कोणा परक्याचा आयफोन ती ऐकतो आणि त्या परक्याच्या नकळत ठिकाण सांकेतिक रूपांत कळवितो. संकेत उलगडण्याची किल्ली खऱ्या मालकापाशींच असते. मोठी कौतुकाची युक्ति आहे! मात्र रागाच्या भरांत खात्याच्या यादींतून लॅपटॉप काढून टाकूं नये. माग तेथेंच तुटतो. परवलीचे शब्द तेवढे तत्काळ बदलावे.

आतां नकाशावरील ठिपक्याविषयीं. बहुतेक लॅपटॉपांत जी.पी.एस. नसतें, आसपासच्या वायफायवरून ते जागेचा अदमास बांधतात. एखाद्या चारमजली इमारतीवर ठिपका उमटला, तर मजला कोणता व बिऱ्हाड कोणाचें, हें त्यावरून कळत नाहीं. अशा वेळीं घरांतील तरुण मंडळी चार मित्र जमवून तिकडे धांव घेऊं पाहतात. वडीलधाऱ्यांनीं त्यांस निक्षून थांबवावें. एखाद्या निरपराध कुटुंबावर भलता आळ यावयाचा, किंवा खऱ्या चोराशीं गांठ पडून जिवावर बेतावयाचें!

ठिपक्याचें चित्र तारीखवेळेसह जपून पोलिसांस द्यावें. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणें चोरी कोणत्याहि हद्दींत घडली असली तरी फिर्याद कोठल्याहि ठाण्यांत देतां येते. रेल्वेच्या प्रवासांत लॅपटॉप गेला, तर याचा मोठा आधार वाटेल. फिर्याद इलेक्ट्रॉनिक मार्गानें पाठविल्यास तीन दिवसांत सही करावी लागते.

फिर्यादींत यंत्राचा अनुक्रमांक हवाच. मोबाइलप्रमाणें सामान्य लॅपटॉपला आय.एम.ई.आय. क्रमांक नसतो, कारखान्याचा सिरियल नंबर हीच त्याची ओळख. तो यंत्राच्या तळाशीं व खोक्यावर छापलेला असतो. घरच्या हिशेबाच्या वहींत आजच उतरून ठेवावा.

लॅपटॉप सांपडला म्हणजे लागलीच हातीं येतो असें नव्हे. तो खटल्यांतील मुद्देमाल ठरतो. त्यासाठीं न्यायालयांत अर्ज करावा लागतो. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणीं २००२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें आहे कीं, असा माल ठाण्यांत विनाकारण पडून राहूं नये. पंचनामा व छायाचित्रें करून, हमीपत्र घेऊन तो मालकास द्यावा. अर्जासोबत खरेदीची पावती जोडावी. तीवर अनुक्रमांक लिहिलेला असल्यास ओळख पटविणें बरेंच सोपें जातें.