बेलेम्नाइट: दगड उचलण्याआधी फोटो काढा

आजचा भाग बंदुकीच्या गोळीसारख्या दिसणाऱ्या एका जीवाश्माबद्दल. नाव बेलेम्नाइट. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटमधल्या चारमथला हे भरपूर सापडतात. तिथल्या कड्यातल्या एका थराचं नावच बेलेम्नाइट मार्ल आहे. वय साधारण १९ कोटी वर्षं, म्हणजे जुरासिकचा सुरुवातीचा काळ.

हा प्राणी आपल्या माकुलाचा, म्हणजे स्क्विडचा, लांबचा नातेवाईक. दहा हात, शाईची पिशवी, सगळं होतं. मऊ अंग बहुतेक वेळा कुजून जातं आणि मागचं कॅल्साइटचं टोक उरतं. त्याला गार्ड म्हणतात. तुटलेल्या गार्डमध्ये मध्यापासून कडेकडे जाणारे स्फटिक दिसतात, सायकलच्या आऱ्यांसारखे. ते दिसले की समजायचं, हा साधा गोटा नाही.

आता प्रकार कोणता? मी तीन गोष्टी बघतो. एक, आकार: शंकूसारखा, सरळ नळीसारखा की गदेसारखा मध्ये फुगलेला? दोन, आडवा छेद: गोल की चपटा? तीन, टोकाजवळच्या खाचा: आहेत का, किती, कोणत्या बाजूला? टोक तुटलं असेल तर हा तिसरा पुरावाच जातो. शिवाय पिल्लाचा आणि मोठ्याचा आकार वेगळा असू शकतो, त्यामुळे एकाच तुकड्यावरून छातीठोकपणे नाव सांगू नये.

म्हणूनच चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: तो कोणत्या थरातला आहे? टाइमस्टॅम्प नसलेला लॉग आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना जेवढा उपयोगी, तेवढाच थर माहीत नसलेला जीवाश्म. शोकेसमध्ये छान दिसेल, पण त्या समुद्राची गोष्ट सांगताना अडखळेल. त्यामुळे उचलण्याआधी शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, लोकेशन सेव्ह करा, आणि सुटा मिळाला की खडकात होता ते लिहा. सुटा असेल तर थराचा नुसता अंदाज, हेही लिहा.

कड्याला हातोडा लावायचा नाही आणि कड्याखाली थांबायचंही नाही, दरड कधीही येते. ओहोटी लागल्यावर जा, भरतीच्या आधी परत फिरा. वाळूत सुटे पडलेले पुष्कळ मिळतात. घरी पाणी आणि मऊ ब्रश बस. व्हिनेगर अजिबात नको, कॅल्साइट विरघळतं.

तुमच्याकडे एखादा असेल तर त्याची चिठ्ठी आजच लिहा. भेटू पुढच्या भागात!