‘तहानच नाही’ म्हणणाऱ्या आजीला उन्हाळ्यात जास्त धोका का?

हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील डोंगरकडा परिसरात केळी आणि हळद ही महत्त्वाची पिके. हळद शिजवून वाळवण्याचे काम नेमके पारा चाळिशीकडे सरकत असताना येते. धडधाकट माणसे शेतात गेली की ताडपत्रीवर पसरलेल्या हळदीकडे लक्ष ठेवणे, घर सांभाळणे ही कामे आजी-आजोबांकडे येतात. दुपारी कुणी “पाणी पिलात का?” असे विचारले, तर उत्तर ठरलेले: “तहानच नाही.”

हे उत्तर खरे असते, आणि धोका त्यातच आहे. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते. शरीरातले पाणी कमी झाले तरी इशारा उशिरा मिळतो. घामही तरुणपणापेक्षा कमी येतो. अंग थंड ठेवण्यासाठी त्वचेकडे जास्त रक्त पाठवावे लागते आणि थकलेल्या हृदयाला तो ताण झेपत नाही. त्यामुळे उन्हाने गेलेल्या अनेक वृद्धांच्या मृत्यूचे कारण ‘हृदयविकार’ असे नोंदले जाते.

रक्तदाबाच्या किंवा पायावरच्या सुजेच्या काही गोळ्या लघवी वाढवतात, तर मानसिक आजाराची आणि ॲलर्जीची काही औषधे घाम कमी करतात. गोळ्या परस्पर बंद करू नयेत. उन्हाळ्यात डोस बदलायचा का, हे डॉक्टरांना विचारावे. आणखी एक कारण सहसा बोलले जात नाही. संडास घरापासून लांब असेल, गुडघे दुखत असतील, तर अनेक म्हाताऱ्या बाया उठावे लागू नये म्हणून मुद्दाम पाणी कमी पितात.

म्हणून पाणी तहानेवर न ठेवता घड्याळावर ठेवावे. दर तासाला अर्धा-पाऊण पेला पाणी हातात द्यावे, मधूनमधून ताक किंवा पन्हे. लघवी कमी आणि गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडते आहे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल, तर प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. खिशात कांदा ठेवल्याने नुकसान काही नाही, पण ऊन लागायचे तेही टळत नाही.

घरातही ऊन लागते

उष्माघात शेतातच होतो असे नाही. पत्र्याचे घर भरदुपारी भट्टीसारखे तापते. सिमेंटचा स्लॅब दिवसभर उष्णता साठवतो आणि रात्री सोडतो, त्यामुळे झोपेतही शरीराला उसंत मिळत नाही. मातीचे जाड माळवद या दोन्हींपेक्षा बरे. गल्लीत असे घर उरले असेल, तर दुपारपुरती आजीची खाट तिकडे टाकायला हरकत नाही.

हवा चाळीस अंशांच्या वर गेली की नुसता पंखा गरम वाराच अंगावर टाकतो. मराठवाड्याची हवा कोरडी असल्याने ओले फडके इथे चांगले काम करते. मान, हात, पाय वारंवार ओल्या फडक्याने पुसून मग पंखा लावावा. लाईट गेली तर पुठ्ठ्याने वारा घातला तरी चालतो.

केवळ आकड्यावर विसंबून राहू नये. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यात पारा ३८ अंशांच्या आसपास होता, तरी उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. तिथल्या दमट हवेत घाम वाळत नव्हता.

कधी घाई करावी?

चक्कर, पायात गोळे, मळमळ दिसली की सावलीत झोपवून ओआरएस द्यावे. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, नातवाला ओळखेना, अंग चटका बसेल इतके तापले, तर तो उष्माघात समजावा. “वयामुळे बरळतात” म्हणून वाट पाहणे महागात पडते. लगेच १०८ वर फोन करावा. रुग्णवाहिका येईपर्यंत कपडे सैल करून अंगावर गार पाणी ओतत राहावे, वारा घालावा, काखेत आणि मानेवर ओली फडकी ठेवावीत. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही.