आरोग्यदूताच्या खांद्यावरची पिशवी

खांद्याला तिरकी अडकवायची पिशवी ही पायी चालणाऱ्यांची वस्तू. दोन्ही हात मोकळे राहतात, ओझे कमरेशी टेकते. म्हणूनच टपालवाल्याच्या खाकी पिशवीचाही घाट हाच. महाराष्ट्रात ती शाळकरी पोरांचे दप्तर झाली, पुढे शबनम होऊन कवी, पत्रकार आणि चळवळीतल्या कार्यकर्त्यांची ओळख ठरली. चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला येणाऱ्या तरुणांच्या खांद्यावरही ती दिसे. या पिशव्यांतून पुस्तके, पत्रके आणि विचार गावोगाव गेले. शेजारच्या गडचिरोलीत मात्र याच पिशवीतून तान्ह्या बाळाचा दवाखाना घरापर्यंत गेला, आणि तिच्या साऱ्या वाटचालीत याहून मोलाचे काम दाखवणे अवघड आहे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. त्या काळी खेड्यांत बहुतेक बाळंतपणे घरीच होत. दवाखाना लांब, वाहन नाही, आणि ओली बाळंतीण घराबाहेर पडत नसे. बाळ दवाखान्यापर्यंत पोचणार नसेल तर उपचारानेच घरी जायला हवे होते. त्यासाठी ३९ गावांतल्या, पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन आरोग्यदूत नेमण्यात आले.

आरोग्यदूताने पिशवी उघडण्याआधी हात धुवायचे. बांगड्या मागे सारून किंवा काढून, साबणाने कोपरापर्यंत. मग थर्मामीटर पुसून बाळाच्या काखेत धरायचा. ताप नसला म्हणजे बाळ ठीक, असे नाही. अंग गार पडणेही तितकेच धोक्याचे. वजनासाठी कापडी झोळी आणि स्प्रिंगचा काटा असतो. आधी रिकामी झोळी लावून काटा शून्यावर आणायचा, बाळाला झोळीत ठेवून जमिनीपासून थोडेसेच उचलायचे आणि आकडा डोळ्यांच्या रेषेत आणून वाचायचा. अडीच किलोपेक्षा कमी भरले तर त्या घरी जास्त लक्ष.

सगळ्यात कसोटीचे काम श्वास मोजण्याचे. बाळ शांत असताना पोटावरचे कापड बाजूला करून पोटाची वरखाली हालचाल पाहायची. मोजता मोजता आकडा चुकतो, म्हणून ‘सर्च’ने एक साधे यंत्र तयार केले: एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला तर श्वास धोक्याच्या वेगाने चालला आहे. गावातल्या ज्या सुईणीला शंभरापर्यंत मोजता येत नव्हते, तिलाही निमोनिया ओळखता येऊ लागला. जन्मताच न रडलेल्या बाळासाठी हाताने दाबायचा फुगा आणि मुखवटा, तर जंतुसंसर्ग झालेल्या बाळासाठी जेंटामायसिनचे इंजेक्शन, हेही त्याच पिशवीत. गावातल्या बाईने नवजात बाळाला सुई टोचावी, याबद्दल तेव्हा डॉक्टरवर्गातून शंका घेतली जाणे स्वाभाविक होते. उत्तर आकड्यांनी दिले. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतले मृत्यू १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. घरोघरच्या या सेवेच्या तिसऱ्या वर्षी या ३९ गावांत नवजात मृत्युदर हजारी २५.५ होता, तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत तो ५९.६ होता. हा अभ्यास डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

पुढे केंद्र सरकारने २०११ मध्ये घरोघरच्या नवजात बाळसेवेचे काम देशभरातल्या आशाताईंकडे सोपवले. घड्याळ, थर्मामीटर, झोळीचा वजनकाटा आणि बाळाला गुंडाळायचे उबदार कापड, असा त्यांच्या पिशवीतला ऐवज. जन्म दवाखान्यात झाला असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट द्यायची. घरी झाला असेल तर पहिल्या दिवशीही. या सगळ्या भेटी पूर्ण झाल्यावर एका बाळामागे २५० रुपये मानधन ठरवण्यात आले. पावसाळ्यात नाले ओलांडून जाणाऱ्या बाईच्या कामाची ही किंमत फारच थोडी आहे. ती वाढली पाहिजे.