बारवीच्या चढावर

मे महिन्यातला रविवार. पहाटेचे साडेपाच वाजलेत, पण बदलापुरात झाडाचं पान हलत नाही. मुळगाव मागे टाकून आठ-दहा जण बारवी धरणाच्या रस्त्याने पळताहेत. कुणी उल्हासनगरचं, कुणी अंबरनाथचं. पहाटेच्या लोकलने आलेले. मागून स्कूटरवर मी. पायाशी पाण्याचा जार, डिकीत लिंबं, मीठ आणि इलेक्ट्रॉलची पाकिटं.

उजाडतं तसं रान दिसायला लागतं. साग उघडेबोडके, गवत पिवळं, वणवा गेला तिथली जमीन काळीठिक्कर. चढ सुरू होतो.

"ताई, चढ चालून काढा. दम राखा," पुढचे काका ओरडतात.

"चालतेच आहे की!"

ताईंना दक्षिण आफ्रिकेतली 'कॉम्रेड्स' पळायची आहे. डरबन आणि पीटरमॅरिट्झबर्ग यांच्यामधले सुमारे ९० किलोमीटर, तेही डोंगराळ. पहिल्या महायुद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ १९२१ मध्ये ३४ जणांनी ती पहिल्यांदा पळायला घेतली. १९२३ मध्ये फ्रान्सिस हेवर्डची नोंदणी बाई म्हणून नाकारली गेली. ती तरीही पळाली आणि पोचली. स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना अधिकृत प्रवेश मिळाला तो थेट १९७५ मध्ये. आता मुदत १२ तासांची. मुदत संपल्याची बंदूक वाजल्यावर एक सेकंद उशीर झाला, तरी पदक नाही.

शर्यत असते तेव्हा तिकडे हिवाळा. पहाट गार, वाळलेल्या गवताचे डोंगर. सराव मात्र आमच्या ऐन उन्हाळ्यात.

आठ वाजतात. डांबर तापलंय. एकाच्या पोटरीत गोळा आलाय. तो पाय ताणत कठड्याला टेकलाय. ताईंच्या टीशर्टवर मिठाचे पांढरे ओघळ. त्या पाणी पितात, उरलेलं मानेवर ओततात. वळणावर करवंदांची पाटी घेऊन बसलेली मावशी विचारते,

"एवढ्या उन्हाचं कुठं निघालीस गं?"

"आफ्रिकेला, मावशी."

"पळत?"

सगळे हसतात. मावशी पळसाच्या पानावर मूठभर करवंदं देते, पैसे घेत नाही.

मागून एक डंपर हॉर्न देत अगदी जवळून जातो. सगळे एका रांगेत मुरमावर उतरतात. पळणाऱ्यांसाठी इथे वेगळी वाट नाही. उन्हाला ही माणसं तयारीने भिडतात, भरधाव गाडीपुढे तयारी चालत नाही. रविवारी सकाळी बारवीकडे निघालात, तर गाडी हळू घ्या. कुणी कडेला बसलेलं दिसलं, तर थांबून पाणी विचारा.