घर आणि कागद (भाग १७) : आधी त्यांचं विकलं जाईल, मग आपलं

या आठवड्यात हक्कसोडपत्रावर लिहीन असं म्हटलं होतं. ते पुढं ढकलतो. अकोल्याच्या जठारपेठेतून एक पत्र आलंय आणि त्यातल्या प्रश्नाचं उत्तर आजच द्यायला हवं, कारण इसार बहुधा येत्या गुरुवारी घ्यायचा आहे.

हकिकत अशी. नवरा-बायको दोघंच, मुलगी पुण्यात. जठारपेठेतलं बैठं घर विकायचं आहे. मुलीच्या जवळ पुण्यात फ्लॅट घेऊनही झाला आहे. गिऱ्हाईक आलं ते मनासारखं. सेवानिवृत्त गृहस्थ, भावात फार ताणाताणी नाही, घर पाहताना भिंतीवर टिचक्या मारल्या नाहीत. अट एकच : "भाऊ, आमचं मूर्तिजापूरचं घर निंगालं का दुसऱ्या दिवशी रजिस्ट्री लावू. इसार तुमी म्हणसान तेवढा देतो." पत्र लिहिणाऱ्या बाई विचारतात, माणूस सज्जन आहे, थांबावं का?

माणूस सज्जन असेलही. पण त्याच्या सज्जनपणानं मूर्तिजापूरचं घर विकलं जाणार नाही. तेव्हा चौकशी माणसाची नको, घराची करा. ते घर आखीव पत्रिकेवर कोणाच्या नावानं आहे? वडिलांच्या नावानं असेल तर बहिणी किती आणि त्या सह्या करणार का? बोजा आहे का? जागा नझूलच्या भाडेपट्ट्याची आहे का? असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीची वाट पाहणं आलं. गिऱ्हाईक लागलंय, की नुसतं दलालाच्या कानावर घातलंय? लागलं असेल तर त्या गिऱ्हाइकाचा पैसा कुठून येणार?

हा शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि सगळा घोळ तिथंच असतो. इंग्लंडात घरांच्या अशा साखळ्या सगळ्यांच्या परिचयाच्या आहेत. एकाचं घर दुसरा घेतो, दुसऱ्याचं तिसरा. तिथं कराराच्या प्रतींची अदलाबदल होईपर्यंत कोणीच बांधील नसतो, त्यामुळं मधला एक जण गळाला की पुढच्या-मागच्या सगळ्यांचं सामान बांधलेलं तसंच राहतं. आपल्याकडची साखळी घरापाशी थांबत नाही, ती शेतात जाते. मूर्तिजापूरचं घर घेणारा एखादा खेड्यातला शेतकरी असतो, पोरांच्या शिक्षणासाठी तालुक्याला येणारा. तो दोन एकर काढणार असतो. ते दोन एकर घेणारा कापसाच्या पैशावर बसलेला असतो. १९७२ पासून आपल्याकडं कापसाची एकाधिकार खरेदी होती, तेव्हा चुकारे लांबले की रजिस्ट्री ऑफिसासमोर आमच्यासारख्या दस्त लिहिणाऱ्यांच्या टेबलांवर माश्या बसत. खरेदीची पद्धत बदलली, पण चुकाऱ्याची वाट पाहणं काही बदललं नाही. त्यात शेत भोगवटादार वर्ग २ चं निघालं तर परवानगी, तुकडा लहान पडला तर तुकडेबंदी, फेरफार व्हायचा तर तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी. जठारपेठेतल्या घराची रजिस्ट्री कुठल्याशा गावातल्या फेरफारावर अडलेली असते आणि घरमालकाला त्या गावाचं नावही माहीत नसतं.

आता इसारचिठ्ठी. असल्या सौद्यांच्या चिठ्ठ्यांत एक वाक्य हमखास सापडतं : "लिहून घेणार यांचे मूर्तिजापूर येथील घराची विक्री झाल्यानंतर तीन महिन्यांचे आत लिहून देणार यांनी खरेदीखत करून द्यावे." वाचायला निर्मळ वाटतं. तीन महिने म्हटलेलं पाहून घरमालक खूश होतो. पण हे तीन महिने सुरू कधी होणार? विक्री झाल्यानंतर. आणि विक्री कधी होणार? ते चिठ्ठीत नाही. १८७२ च्या करार कायद्यात अशा सशर्त करारांसाठी वेगळी कलमं आहेत. कलम ३२ म्हणतं, अमुक गोष्ट घडली तरच, असा करार ती गोष्ट घडेपर्यंत बजावता येत नाही, आणि ती घडणं अशक्य ठरलं तरच तो संपतो. घर विकलं जाणं अशक्य कधी ठरतं? ते पडलं तरी खाली जागा उरतेच. कलम ३५ दुसरी बाजू सांगतं : ठरलेल्या मुदतीत ती गोष्ट घडली नाही, की करार संपला. दोन कलमांमधला फरक म्हणजे कागदावरची एक तारीख. तारीख नसली तर वाजवी मुदतीचा मुद्दा मांडता येतो, नाही असं नाही. पण तो कोर्टात मांडावा लागतो, आणि तोवर तुमच्या घराचं दुसरं गिऱ्हाईक गोरक्षण रोडला घर घेऊन वास्तुशांतही उरकतं.

"विक्री झाल्यानंतर" हे दोन शब्दही तपासून घ्या. सौदा ठरणं म्हणजे विक्री, इसार मिळणं म्हणजे विक्री, की रजिस्ट्री होऊन पैसे खात्यात येणं? मी लिहितो तेव्हा शेवटचंच लिहितो आणि खात्याचा उल्लेख आवर्जून करतो.

आता माझा एक जुना हट्ट. असल्या सौद्यात मोठा इसार घेऊ नका. हे ऐकून लोक माझ्याकडं संशयानं पाहतात. समज असा, की इसार जितका मोठा तितकं गिऱ्हाईक घट्ट. साध्या सौद्यात ते बरंचसं खरंही आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये सतीश बत्रा यांच्या खटल्यात ७० लाखांच्या सौद्यातला ७ लाखांचा इसार विकणाऱ्याला ठेवू दिला, कारण तो इसार आहे आणि खरेदीदार चुकला तर जप्त होईल, असं करारात स्वच्छ लिहिलेलं होतं. त्याच्या खूप आधी, १९६३ च्या फतेहचंद खटल्यात दिल्लीतल्या एका बंगल्याचा सौदा १ लाख १२ हजार ५०० रुपयांचा होता. विकणाऱ्यानं आधी १ हजार इसार घेतला होता, नंतर ताबा देताना २४ हजार. सौदा फिसकटला. न्यायालयानं हजार रुपये ठेवू दिले, २४ हजार नाही, कारण ती रक्कम किमतीचा भाग होती, इसार नव्हता. म्हणजे चिठ्ठीत "इसारापोटी" लिहिलं की "किमतीपैकी" लिहिलं, त्यावर पुढची सगळी गणितं ठरतात.

पण आपल्या बाईंच्या सौद्यात यातलं काहीच उपयोगी नाही. तुम्हीच लिहून दिलंय की त्यांचं घर विकलं गेलं तर हा सौदा. नाही विकलं गेलं, तर त्यांनी करार कुठं मोडला? त्यांची चूक काय? अटही मान्य करायची आणि अट पूर्ण झाली नाही म्हणून इसारही गिळायचा, हे एका चिठ्ठीत बसत नाही. इसार परत करावा लागणार. आणि तोवर तुमच्या हातात तो उरलेला नसतो. पुण्याच्या फ्लॅटचं फर्निचर, बँकेचा हप्ता, कुणाचं तरी लग्न. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ खरेदीदाराला त्यानं दिलेल्या रकमेपुरता तुमच्या घरावर बोजा देतं. ५ लाख घेतलेत तर ५ लाखांचा बोजा, २५ घेतलेत तर २५ लाखांचा. मोठ्या इसारानं गिऱ्हाईक तुम्हाला बांधलं जात नाही, तुम्ही त्याला बांधले जाता. आणि समजा जप्त केलाच, तर आयकर खातं ती रक्कम इतर उत्पन्न म्हणून धरतं, त्यावर कर वेगळा.

तेव्हा या सौद्यात इसार लहान घ्या, परत करताना छाती धडधडणार नाही इतका. चेकनं किंवा खात्यातून घ्या. जमीन-घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तितक्याच रकमेचा दंड बसू शकतो. हे २०१५ पासून आहे, तरी अजून पिशव्या घेऊन लोक येतातच.

दुसऱ्या बाजूनं कायदा विकणाऱ्याला थोडा आधार देतो, तोही सांगतो. करार पूर्ण करून मिळावा म्हणून दावा लावणाऱ्या खरेदीदाराला आपण तयार होतो आणि राजी होतो, हे दाखवावं लागतं. २०१८ ची दुरुस्ती विशिष्ट अनुतोष कायद्यात आली, तरी ही अट उठली नाही. राजी म्हणजे मनात असणं, तयार म्हणजे पैसा असणं. २०२२ मध्ये यू. एन. कृष्णमूर्ती खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हेच पाहिलं : पैसा कुठून येणार होता, ते दाखवा. ज्याचा पैसा मूर्तिजापूरच्या विटांत अडकलाय तो राजी असेल, तयार नसतो. १९९७ चा विद्यानादम खटलाही मला आवडतो. मदुराईतलं घर, किंमत ६० हजार, इसार ५ हजार, मुदत सहा महिने. खरेदीदार अडीच वर्षं गप्प बसला आणि मग घर मागू लागला. न्यायालय म्हणालं, शहरातले भाव असे चढत असताना काळाकडं डोळेझाक करता येणार नाही, आणि घर दिलं नाही. पण लक्षात घ्या, हे निकाल दिल्लीत लागतात. तिथपर्यंत पोचेस्तोवर दावा चालू असलेल्या घराला ना गिऱ्हाईक मिळतं, ना बँक कर्ज देते.

मग करायचं काय? अमेरिकेत या रोगावर एक साधं औषध आहे. तिथं आपलं घर विकलं गेलं तर तुमचं घेतो, ही अट सर्रास घालतात, आणि तिच्याबरोबर विकणाराही आपली अट घालतो : मी घर दाखवत राहणार. दुसरं चांगलं गिऱ्हाईक आलं तर तुम्हाला कळवीन, आणि ठरलेल्या वेळात, बहुतेकदा ४८ किंवा ७२ तासांत, तुम्ही आपली अट सोडा किंवा सौदा सोडा. आपल्या कायद्यात हे लिहायला कोणतीही आडकाठी नाही. ७२ तास मात्र आपल्याकडं चालायचे नाहीत. इथं भावाला, जावयाला आणि बँकेतल्या ओळखीच्या साहेबांना विचारल्याशिवाय निर्णय होत नाही. मी दहा दिवस लिहितो : "लिहून देणार यांस दुसरा खरेदीदार मिळाल्यास त्यांनी लिहून घेणार यांस लेखी कळवावे. कळविल्यापासून दहा दिवसांचे आत लिहून घेणार यांनी रक्कम उपलब्ध असल्याचा पुरावा देऊन स्वतःचे घर विकले जाण्याची अट सोडून द्यावी. न सोडल्यास हा सौदा संपुष्टात येऊन इसाराची रक्कम बिनव्याजी परत करण्यात येईल व त्यानंतर लिहून घेणार यांचा सदर मिळकतीशी काही संबंध राहणार नाही." त्याखाली एक शेवटची तारीख, कॅलेंडरातली. "पाडव्यापर्यंत" असं लिहू नका, कोणता पाडवा यावरून भांडलेले लोक मी पाहिले आहेत.

हा कागद रजिस्ट्री ऑफिसात नोंदवू नका, असाही माझा सल्ला आहे. खरेदीदाराचा वकील नेमका उलटा सल्ला देईल आणि त्याच्या जागी तो बरोबर असेल. पण नोंदवलेलं साठेखत रद्द करायचं तर दोघांना पुन्हा तिथं जाऊन सही-अंगठा करावा लागतो, आणि सौदा फिसकटल्यावर समोरचा अकोल्याला यायला काही राजी नसतो. बरं, ताब्याचं काय? "तोवर भाड्यानं राहू द्या" म्हणाले, तर गोड बोलून नाही म्हणा. ताबा देऊन केलेला साठेकरार महाराष्ट्रात मुद्रांकासाठी खरेदीखतासारखाच धरला जातो. शिवाय आत राहायला आलेल्या माणसाला मूर्तिजापूरचं घर विकायची घाई कशाला राहील?

या बाईंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. तिच्याबद्दल त्यांनी विचारलेलं नाही, पण तीच मला जास्त सतावते. पुण्याचा फ्लॅट आधी घेतलाय. जुनं घर विकून झालेल्या भांडवली नफ्यावरचा कर नव्या घरामुळं वाचतो, हे त्यांना ठाऊक असणार. पण नवं आधी घेतलं असेल, तर जुनं त्यानंतर वर्षाच्या आत विकलं जावं लागतं. विकून मग घेणाऱ्याला दोन वर्षं मिळतात, बांधणाऱ्याला तीन. आधी घेणाऱ्याला एकच. म्हणजे चिठ्ठीतली शेवटची तारीख गृहस्थांच्या सोयीनं नव्हे, पुण्याच्या खरेदीच्या तारखेवरून ठरवायची, तीही दोन-तीन महिने अलीकडं ओढून, कारण हा सौदा मोडला तर दुसरं गिऱ्हाईक शोधायला तेवढा वेळ लागतोच. त्या फ्लॅटचा कागद आज रात्रीच काढून पाहा आणि गुरुवारी चार्टर्ड अकाउंटंटला दाखवल्याशिवाय कशावरही सही करू नका.

गृहस्थांना बँकेचा रस्ताही सुचवून बघा. जुनं घर विकलं जाईपर्यंत तात्पुरतं कर्ज, ब्रिज लोन, काही बँका देतात. पेन्शनीवर ते कितपत मिळेल ते त्यांची बँक सांगेल, पण त्यांनी नुसती विचारपूस केली तरी ते किती निकडीत आहेत ते तुम्हाला कळेल.

पत्राच्या शेवटी बाईंनी एक ओळ जाता जाता लिहिलीय. गृहस्थ म्हणाले होते, नसेल थांबायचं तर आमचंच घर घ्या, वरचे पैसे रोकडे देतो. याला अदलाबदल म्हणतात, मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ११८ मध्ये ती बसते, आणि मुद्रांक दोनपैकी जास्त किमतीच्या घरावर लागतो. वऱ्हाडात शेतांची अदलाबदल खूप झाली, घरांची क्वचित. कागद लिहायला मला आनंदच होईल. पण मग मूर्तिजापूरचं ते घर पुण्यात बसून विकायचं काम बाईंच्याच गळ्यात येईल.